भावाला बांधलं तेव्हा सही माझी होती

पाणंद (धागाकर्ती), २ ऑगस्ट, रात्री ११:१०

शिमग्यापासून लिहायचं लिहायचं म्हणत श्रावण उजाडला. लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

आम्ही देवगड तालुक्यातले. धाकटा भाऊ ३१ वर्षांचा, बोटींच्या इंजिनांची कामं करतो. चार वर्षांपूर्वी बायपोलरचं (कधी टोकाचा उत्साह, कधी खोल उदासी येणारा आजार) निदान झालं, त्यावर लिथियमच्या गोळ्या चालू होत्या, छान चाललं होतं. थंडीत त्याने गोळ्या परस्पर बंद केल्या आणि आम्हाला पत्ता लागू दिला नाही. फेब्रुवारीच्या शेवटी झोप गेली. पाच रात्री डोळ्याला डोळा नाही. दिवसभर बंदरावर सांगत फिरायचा की सगळे ट्रॉलर मी विकत घेतोय, आणि एकाला नव्या इंजिनासाठी चाळीस हजार विसार देऊन आला. पालखी वाडीत आली त्या रात्री बाबा दारात आडवे उभे राहिले म्हणून त्याने कोयता उचलला. मारला नाही. उचलला.

काका, दोन शेजारी आणि मावसभाऊ यांनी धरलं. आईच्या जुन्या साडीने हात मागे बांधले आणि इको गाडीत मागच्या सीटवर आडवा घातला. तीन तासांचा रस्ता. वाटेत दोन ठिकाणी विचारलं, दोघांनी "आमच्याकडे असले पेशंट घेत नाहीत" म्हणून पुढची वाट दाखवली. शेवटी एका खाजगी रुग्णालयात घेतलं. नाव लिहीत नाही, विचारू नका. काउंटरवर कागदांचा गठ्ठा, सहा-सात ठिकाणी पेन्सिलने फुल्या, फुली तिथे सही. बाबांचे हात थरथरत होते, आई गाडीतून उतरायला तयार नव्हती. सह्या मी केल्या. एकही ओळ वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भेटायला गेले. दाराला काच होती. दोन्ही मनगटं आणि दोन्ही घोटे खाटेच्या दांड्यांना पट्टीने बांधलेले, पँट ओली, ओठांना पापुद्रे. वॉर्डबॉय म्हणाला, "रात्री आम्ही दोघंच असतो ताई, सोडला तर बघणार कोण?" आणि "आत जाऊ नका, तुम्हाला बघून भडकेल." मी आत गेले नाही. त्यानंतर एक रात्र आणखी बांधलेलाच होता, हे नंतर कळलं. १९ दिवसांनी घरी आणला.

आता बरा आहे. गोळ्या घेतो, कामाला जातो. आईबाबांशी बोलतो. माझ्याशी नाही. एकदाच बोलला, एप्रिलमध्ये: "पाणी मागत होतो. तू काचेपलीकडे होतीस."

मला विचारायचंय की मी वेगळं काय करायला हवं होतं. न्यायचंच नव्हतं का? बांधणं कायद्यात बसतं का? आणि हा आजार परत उसळतो म्हणतात, तर पुढच्या खेपेला काय?

---

चाकरमानी_परळचा

वाचून गलबललो. सल्ला देण्याइतकं ज्ञान नाही. वाखूसा (वाचनखूण साठवली).

---

सरळसोट

ताई, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. कोयता हातात घेतलेल्या माणसापुढे कायद्याचं पुस्तक उघडून बसणार का? तुमचे बाबा आज जिवंत आहेत, भाऊ कामावर जातोय. अजून काय हवं? चार महिने बोलत नाही म्हणता, बोलेल. आमच्याकडे सख्खे भाऊ बांधाच्या वादावरून वीस वर्षं बोलत नाहीत.

---

काळा_कोट

मी रत्नागिरीत वकिली करतो. मानसिक आरोग्याच्या प्रकरणांत थोडंफार काम केलंय, म्हणून लिहितो.

आधी दाखल करण्याबद्दल. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा (अंमल २०१८ पासून) सांगतो की शक्यतो माणसाने स्वतः दाखल व्हावं. कलम ८६. त्याला स्वतःच्या उपचारांचा निर्णय घेता येत नसेल आणि त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने (आजारपणात त्याच्या वतीने बोलणाऱ्या माणसाने) अर्ज केला, तर कलम ८९. त्यासाठी दोघांनी वेगवेगळं तपासायला हवं: एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्याचा जाणकार किंवा साधा डॉक्टर. कारणही कायद्याने ठरवलेलं आहे. नुकतंच स्वतःला इजा करण्याची धमकी किंवा प्रयत्न, दुसऱ्याशी हिंसक वागणं किंवा त्याला इजेची भीती वाटेल असं वागणं, नाहीतर स्वतःचं काही बघता न येण्याइतकी अवस्था. उचललेला कोयता यात सरळ बसतो. तेव्हा न्यायला नको होतं का, या प्रश्नाला माझं उत्तर "न्यायलाच हवं होतं".

हे दाखल करणं जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी. निर्णयक्षमता परत आली का हे दर सात दिवसांनी तपासायचं, आली की ८९ संपलं. त्यानंतर तो स्वतःच्या मर्जीने राहील किंवा घरी जाईल. सात दिवसांच्या आत पुनर्विलोकन मंडळाला (अशा प्रकरणांवर देखरेख करणाऱ्या, याच कायद्याखालच्या मंडळाला) कळवायचं, बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. ३० दिवसांच्या पुढे ठेवायचं तर कलम ९०, दोन मानसोपचारतज्ज्ञ, आणि मंडळाची मंजुरी.

आता बांधणं. कलम ९७. एकट्याला कोंडून ठेवायला पूर्ण बंदी. शारीरिक बंधन फक्त तेव्हाच, जेव्हा तात्काळ इजा टाळायला दुसरा कुठलाच उपाय उरलेला नसतो, आणि तेही उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने. गरजेपेक्षा एक मिनिट जास्त नाही. पद्धत, कारण, किती वेळ, सगळं केसपेपरवर लिहायचं. शिक्षा म्हणून बांधायचं नाही. आणि हे नीट वाचा: *कर्मचारी कमी आहेत एवढ्याच कारणाने बांधता येत नाही.* वॉर्डबॉयने तुम्हाला जे कारण सांगितलं, नेमकं तेच कायद्याने नाकारलेलं आहे. शिवाय प्रत्येक वेळी प्रतिनिधीला २४ तासांत कळवायचं आणि मंडळाला दर महिन्याला अहवाल द्यायचा.

साखळदंडाला तर कलम ९५ ने कुठल्याही स्वरूपात बंदी आहे. २००१ मध्ये तामिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका आश्रमात आग लागली आणि २८ जण गेले. साखळीने बांधलेले होते, पळता आलं नाही. तेव्हा १९८७ चा जुना कायदा होता आणि असल्या जागांना परवाना आहे की नाही, कोणी पाहत नव्हतं.

पाणंदताई, कलम २५ खाली भावाला त्याचे वैद्यकीय कागद मागता येतात. त्याच्या सहीने अर्ज करा. दाखल ८६ खाली दाखवलंय की ८९ खाली, आणि बंधनाची नोंद आहे का, एवढं आधी पाहा.

---

पाणंद

काळा_कोट, खूप आभार. पण त्याच्या सहीने अर्ज करायचा म्हणजे त्याच्याशी बोलावं लागेल ना. तिथेच तर सगळं अडलंय.

---

औषधपाणी

मी मानसोपचारतज्ज्ञ. कोकणातच २० वर्षं. बांधायच्या ऑर्डरवर मीही सह्या केल्या आहेत, तेव्हा सोवळ्यात बसून लिहीत नाही.

उसळलेल्या माणसाला शांत करायला आपल्याकडे साधारण हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन एकत्र टोचतात, किंवा लोराझेपाम. वेल्लोरला २०० रुग्णांवर या दोन्हींची तुलना झाली, २००४ मध्ये छापून आली. चार तासांत दोन्ही गटांतले बहुतेक सगळे शांत झालेले होते, पहिल्या जोडीने झोप लवकर लागली. याचा अर्थ समजून घ्या. इंजेक्शन लागू पडेपर्यंत धरून ठेवावं लागतं, प्रसंगी बांधावंही लागतं, हे मी मान्य करतो. पण रात्री आणलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी चारही हातपाय बांधलेला आणि वर आणखी एक रात्र, हा उपचार नव्हे. ती त्या रुग्णालयाची सोय झाली.

दुसरं, गाडीतले तीन तास. कलम ९४ प्रमाणे आणीबाणीत कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातलासुद्धा, ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो, आणि मोठ्या ठिकाणी पोचवणं त्यातच येतं. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. म्हणजे आधी केंद्रात इंजेक्शन, मग १०८ ची गाडी. प्रत्यक्षात मनोरुग्ण म्हटलं की बरेच डॉक्टर हात लावत नाहीत, भितात. आमच्या शिक्षणात ही भीती घालवायला फारसं कोणी काही करत नाही, हा आमच्या धंद्याचा दोष.

अवांतर आहे, पण कोकणात सांगायलाच हवं. बेभान झालेला प्रत्येक माणूस मनोरुग्ण नसतो. दरवर्षी गणपतीत दोन-तीन जण बांधून आणले जातात. रोज पिणारा माणूस देवासाठी दारू एकदम सोडतो, आणि दोन-तीन दिवसांनी भिंतीवर किडे दिसायला लागतात, हात कापतात, ताप येतो, कोणीतरी मारायला आलंय म्हणून धावत सुटतो. घरच्यांना वाटतं बाधा. हा दारू तुटल्याचा वाताचा झटका आहे, त्यात माणूस दगावतो, आणि बांधून कोपऱ्यात टाकला तर धोका आणखी वाढतो. भातशेतीच्या दिवसांत लेप्टोने (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाने), म्हाताऱ्यांत रक्तातलं सोडियम उतरल्याने किंवा लघवीच्या संसर्गानेही असंच होतं. बांधण्याआधी ताप आणि साखर बघा.

आणि ताई, एक विचारू? त्याने लिथियम का सोडलं?

---

पाणंद

हात थरथरतात म्हणून. हे मला मावसभावाने कालच सांगितलं. नोझल, बारीक स्क्रू, पाना काही धरता येईना, दोन गिऱ्हाइकं तुटली. आम्हाला वाटलं होतं माज आला म्हणून सोडलं.

---

औषधपाणी

मग सगळी गोष्ट तिथून सुरू होते. लिथियमने हाताला बारीक कंप येतो, पुष्कळांना येतो. रक्तातली पातळी बघून डोस कमी करता येतो, प्रोप्रॅनोलॉल देता येतं, दमा नसेल तर. नाहीच जमलं तर दुसरं औषध असतं. मेकॅनिकला विचारायचा पहिला प्रश्न हातांचाच. पुढच्या तपासणीत हे आधी सांगा. उन्हात बोटीवर घाम गाळणाऱ्याने पाणी-मीठ कमी पडू द्यायचं नाही, लिथियम अंगात साचतं. जुलाब-उलट्या झाल्या किंवा कंप एकदम वाढून तोल जायला लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरला गाठायचं.

---

गजाली_आजोबा

माझ्या ल्हानपणाची गजाल सांगतंय. साठ वर्सां होऊन गेली. आमच्या वाडयेत एक तरणो झिल होतो, शाळा शिकलेलो, पेटी वाजवी. तेचा डोक्या फिरला. देवाक कौल लावलो, गाऱ्हाणी घातली, भगत झाले, अंगारे झाले. मगे गोठ्यातल्या खांबाक सुंभान बांधलो. पावसात सुंभ भिजला की गाठ आणखी बसता, तेच्या पायाक वळ पडलेले. आमची आवस माझ्या हातीन पेज धाडी. तो माका नावान हाक मारी. "वायच सैल कर रे." मी आठ वर्सांचो, भियालंय. केलंय नाय.

तेवा रत्नागिरीक न्हेवचा म्हणजे बोटीन. कोण न्हेतलो? तीन पावसाळे तो थयच होतो. मगे एक दिवस नव्हतो. कोणी काय सांगूक नाय, मी इचारूकय नाय.

चेडवा, तू निदान दवाखान्यात न्हेलंस. पण काचेच्या भायर उभ्या ऱ्हवल्याचा दुख्ख माका ठावक आसा.

---

तिठा

आजोबा, _/\_

थोडा इतिहास. लंडनजवळ हॅनवेलच्या वेड्यांच्या इस्पितळात जॉन कॉनोली यांनी १८३९ मध्ये सगळे पट्टे, साखळ्या, रुग्णांना बांधायच्या खुर्च्या काढून टाकल्या. तिथे आठशेच्या आसपास रुग्ण होते. त्याआधी पॅरिसला पिनेल आणि त्याचा सहकारी प्युसँ यांनी साखळ्या काढल्या. पिनेलचं नाव झालं, पण पुरुषांच्या बिसेत्र इस्पितळात साखळ्या उतरवायचं काम प्युसँने केलं, आणि तो स्वतः आधी तिथलाच रुग्ण होता, क्षयाचा. म्हणजे बांधल्याशिवाय चालत नाही हे दोनशे वर्षांपूर्वीच खोटं पडलेलं आहे. अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. त्या कराराची समिती तर म्हणते की मानसिक आजाराच्या नावाखाली मनाविरुद्ध दाखल करणंच चूक. आपला २०१७ चा कायदा त्याच करारापोटी आला आणि तरी कलम ८९ ठेवून बसला.

---

सरळसोट

हॅनवेलला रात्रपाळीला किती माणसं होती ते सांगा. समितीवाल्यांना एकदा देवगडला बोलवा, पालखीच्या रात्री.

---

तिठा

वैयक्तिक होऊ नका.

---

सरळसोट

वैयक्तिकच आहे हो. माझा मेहुणा २०११ मध्ये गेला. आम्ही कोणाच्या मनाविरुद्ध काही करायचं नाही म्हणून थांबलो होतो. विहीर घराच्या मागेच होती. मला कायदा शिकवू नका.

---

(येथील दोन प्रतिसाद काढून टाकण्यात आले आहेत. विषयाला धरून लिहावे. – संपादक)

---

रातपाळी

सरळसोट दादा, तुमचं दुःख समजतं. मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे, अकरा वर्षं मनोरुग्ण विभागात. रात्री चाळीस पेशंटना एक सिस्टर आणि एक शिपाई असंही काढलंय. तेव्हा त्या वॉर्डबॉयचं बोलणं मला खोटं वाटत नाही. कायद्यात ते कारण चालत नाही हे खरं, पण कायदा रात्री दोन वाजता ड्यूटीला येत नाही.

बांधायचंच असेल तर कसं, हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पाच माणसं लागतात. चार हातापायांना, एक डोक्याशी. बोलायचं एकानेच, डोक्याशी असलेल्याने, आणि सतत. "मी अमुक, तुम्ही दवाखान्यात आहात, आता डावा हात बांधतोय, इंजेक्शन लागलं की सोडणार." सगळे ओरडले की पेशंट आणखी घाबरतो. पालथा कधी घालायचा नाही, पाठीवर कोणी बसायचं नाही, श्वास कोंडून माणूस मरतो. उताणा, डोकं उंच. नाहीतर उलटी घशात जाते. पट्टी मऊ, रुंद, आत दोन बोटं जायला हवीत. मग दर पंधरा मिनिटांनी जाऊन बघायचं: बोटं गार किंवा निळी पडली का, श्वास, नाडी. पाणी पाजायचं, भांडं द्यायचं. एकेक हात आळीपाळीने सोडून हलवायचा. तासन्‌तास हलला नाही तर पायात रक्ताची गाठ होते, ती फुप्फुसात गेली की संपलं. सोडताना पण एकदम नाही, एकेक करून.

पँट ओली होती म्हणजे भांडं दिलेलं नव्हतं. ओठ सुकले म्हणजे पाणी नव्हतं. हे दोन जणांतही करता येतं. माणसं कमी होती म्हणून बांधला असेल, पण पाणी द्यायला माणूस लागतो किती? अर्धा.

आमच्याकडे एक मोठ्या सिस्टर होत्या, आता निवृत्त झाल्या. कोणी उसळला की त्या आधी चहा मागवायच्या. स्टीलच्या पेल्यात नाही, कागदी कपात. दहातले पाच-सहा चहावर बसायचे. उरलेल्यांचं वर लिहिलंय.

---

भरतीओहोटी

इथे सगळे बांधणारे किंवा बांधलेल्यांचे नातेवाईक लिहितायत. मी बांधला गेलोय, दोनदा. मला स्किझोअफेक्टिव्ह (भास-भ्रम आणि मनःस्थितीचे चढउतार दोन्ही असणारा आजार) आहे. सध्या मालवणात एका दुकानात हिशोब बघतो.

पहिल्या खेपेचं काय आठवतं सांगू? नाक खाजत होतं. बाकी धुसर आहे, कोणी टोचलं, कोणी शिव्या दिल्या, मी कोणाला दिल्या. पण नाक लख्ख आठवतं. अख्खी रात्र. जो जाईल त्याला मी सांगत होतो की नाक खाजवा, आणि ते हसत होते, कारण वेड्याने नाक खाजवा म्हणणं विनोदी असेल. आजही नाकाला खाज आली की मी आधी हात उचलून बघतो.

दुसऱ्या खेपेला बांधलं तेव्हा एक बाई शेजारी स्टुलावर बसून होत्या. तासभर असतील. मला त्यांचा राग येतो का? नाही. पहिल्यांचा येतो. पट्टी दोन्ही वेळा सारखीच होती.

तिठा, तुमचं सगळं बरोबर असेल. पण पहिल्या आजारात मला नेलं नसतं तर हे लिहायला मी नसतो. सरळसोट, तुमचंही बरोबर असेल, पण "जिवंत आहे ना, अजून काय हवं" हे वाक्य माझ्या बापूसने मला सहा वर्षं ऐकवलं, आणि त्या सहा वर्षांत तीनदा मी गोळ्या सोडल्या. दवाखान्यात परत जायच्या भीतीने आजार लपवायचो. झोप गेली की सांगायचोच नाही. बांधण्याने हे पण होतं.

पाणंद, मला कोणीही कधी विचारलं नाही की त्या रात्री काय झालं. ना डॉक्टरने, ना घरच्यांनी. सगळ्यांना वाटतं विसरला असेल, कशाला खपली काढा. तुमचा भाऊ चार महिन्यांत एकच वाक्य बोलला आणि ते त्या रात्रीबद्दल आहे. तुम्ही त्यावर काय म्हणालात?

---

पाणंद

मी म्हणाले, "तुझ्या भल्यासाठीच केलं ना."

---

भरतीओहोटी

हं.

---

काळा_कोट

पुढच्या खेपेच्या प्रश्नाबद्दल, जो बाकीच राहिला होता. कलम ५ खाली भाऊ आज, बरा असताना, आगाऊ सूचनापत्र करू शकतो: आजार उसळला तर मला कसे उपचार हवेत, कसे नकोत. कलम १४ खाली नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. तो नातेवाईकच असायला हवा असं नाही. त्याने कोणाला नेमलं नसेल तर कायदा नातेवाइकाकडे जातो, म्हणूनच शिमग्याच्या रात्री तुमची सही चालली. सूचनापत्राचा नमुना नियमांत आहे, दोन साक्षीदार लागतात, मंडळाकडे नोंदवायचं. मर्यादाही सांगतो, ७२ तासांच्या आणीबाणीच्या उपचारांना ते लागू होत नाही, आणि डॉक्टरला अगदीच पटलं नाही तर तो मंडळाकडे जाऊ शकतो. तरी ८९ खाली जे काही होईल त्यात त्याचं म्हणणं लिहिलेलं समोर असतं.

तक्रार करायची असेल तर कलम २८. आधी रुग्णालयाच्या प्रमुखाकडे, समाधान नाही झालं तर मंडळाकडे. कायदा मोडल्याचं सिद्ध झालं तर पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण तक्रार करायची की नाही हे भावाने ठरवावं. तुम्ही नाही.

आणि रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस हेल्पलाइनचा नंबर १४४१६, सरकारचा, फुकट. मराठीत बोलतात.

---

औषधपाणी

कागद करताना उसळीच्या आधीच्या खुणाही लिहून ठेवा. त्याच्या, पुस्तकातल्या नव्हे. पाच रात्री गेल्या तोवर वाट बघू नका. दुसऱ्या रात्री फोन केला असता तर बहुधा कोयत्यापर्यंत गेलंच नसतं.

---

पाणंद, २१ सप्टेंबर

धागा वर काढते. गणपती झाले, चाकरमानी गेले, घर रिकामं झालं.

भरतीओहोटी, तुमच्या "हं" ने मला आठवडाभर झोप लागली नाही. मग एका रात्री ओटीवर तो नेट शिवत बसला होता, मी मोबाईल त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, हे वाच. सगळा धागा. माझं सगळं लिहिलेलंसुद्धा. मी आत जाऊन कोकमं आवरत बसले. अर्ध्या तासाने बाहेरून हसायचा आवाज. नाकाच्या प्रतिसादाला हसत होता. मग म्हणाला, "माझी पाठ. पाठीखाली चादरीची गुंडाळी झालेली."

त्या रात्री त्याने सांगितलं. दोन तास लागले, सगळं इथे लिहिणार नाही. साडीबद्दल त्याला राग नाही. गाडीत मावसभावाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि पूर्ण रस्ताभर इंजिनाच्याच गप्पा मारत होता, म्हणे. ते मला ठाऊकच नव्हतं, मी पुढे बसले होते.

मी "तुझ्या भल्यासाठी" परत म्हटलं नाही. मी म्हटलं मला आत यायला हवं होतं. तो म्हणाला, "होय." एवढंच.

कागद लिहायला घेतलाय. त्याचे शब्द, मी फक्त शुद्धलेखन. दोन रात्री झोपलो नाही तर फोन करा, मला विचारू नका. पैसे आणि गाडीची चावी काढून घ्या, मी शिव्या दिल्या तरी. इंजेक्शन चालेल. बांधावंच लागलं तर कोणीतरी माझ्या ओळखीचं खोलीत बसेल, आणि पाणी. हातांचा कंप वाढेल असं औषध मला विचारल्याशिवाय नको. (डॉक्टर, डोस कमी केला, प्रोप्रॅनोलॉल सुरू झालं, कंप बराच कमी आहे.)

प्रतिनिधी म्हणून त्याने मला नेमलेलं नाही, मावसभावाला नेमलंय. कागदावर ते नाव मीच लिहिलं. वाईट वाटलं का? वाटलं. आईला अजून सांगितलेलं नाही.

---

रातपाळी

पाणी लिहिलंत ते बरं केलंत. भांडं पण लिहा. लाजू नका.

---

काळा_कोट

उत्तम. दोन साक्षीदार कोण?

---

पाणंद

एक मी. तो म्हणाला, साक्षीदार म्हणून तुझी सही चालेल, पण या वेळी वाचून कर.

दुसरा बंदरावरचा तो इंजिनवाला. यायला तयार आहे, पण विसाराच्या चाळीस हजारांपैकी बारा त्याच्याकडून अजून यायचे आहेत. भाऊ म्हणतो आधी हिशोब, मग सही. तर सध्या गाडं तिथे अडलंय.